दिव्याची पट्टी

शालनताई नवी साडी नेसून पायरीवर येऊन बसल्या, तरी सदाशिवराव सायकलच्या पुढच्या चाकाशी उकिडवेच होते.

"लग्नाच्या वर्षी म्हणालात, कॅरिअरवर बसवून नाक्यापर्यंत नेईन. एक्केचाळीस वर्षं झाली. मी घाई करत नाही," त्या म्हणाल्या. "पण अकरा वाजले की रिक्षा बोलावणार. मग पुन्हा कधी विचारायचं नाही."

शाळेच्या ग्रंथालयात हयात घालवलेल्या सदाशिवरावांनी ही जुन्या घाटाची सायकल पुस्तक समोर ठेवून जोडली होती. सांगाडा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला, पुढचं चाक धरणारा चिमटा बुवापाड्याच्या भंगारातला. सगळं झकास झालं होतं. फक्त पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे केली की हँडलखाली टक्क वाजायचं. वरचा नट आवळून आवळून तळहात लाल झाले, पण टक्क जाईना. दोष पुस्तकाचा नसणार, म्हणजे आपलाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटी धीर करून त्यांनी कॅम्प दोनच्या भूपेश सायकलवाल्याला फोन लावला.

"नट टाइट है, फिर भी त्याच्या खालचा छर्‍यांवरचा कप ढिला? मग मधलं काहीतरी राहिलंय, काका. दिवा अडकवायची पट्टी कुठाय?"

"ती काढली. दिवा लावायचाच नव्हता. पुस्तकातल्या चित्रातही नाहीये."

"चित्र विलायती गाडीचं असेल. आपल्याकडे कपावर पट्टी, पट्टीवर नट. पट्टी काढली की नट चिमट्याच्या वर आलेल्या दांड्याला टेकतो, कपाला दाबतच नाही. मग पैलवान आणा नाहीतर प्रोफेसर."

सदाशिवरावांनी हत्यारांचा डबा उपसला, चपलांचं कपाट पाहिलं, पुस्तकांच्या मागेही हात घालून झाला.

"काय शोधताय?"

"काही नाही गं."

"गोल कडं आणि पुढे वर वळलेली जीभ, असलं काही नाही ना?"

ते थबकले. "तुला कसं माहीत?"

"रोज त्याच्यावरून साबण उचलता. वाचायला काही लिहिलेलं नाही त्यावर, म्हणून दिसलं नसेल."

मागच्या नळाला ते कडं अडकवलेलं होतं आणि त्याच्या जिभेवर साबणाची जाळी लोंबत होती.

सदाशिवरावांनी कप हातानेच बसेल तितका फिरवला, त्यावर पट्टी ठेवली, मग नट आवळला. ब्रेक दाबून सायकल हलवली. पुन्हा हलवली. तिसऱ्यांदाही हलवली, कारण दोनदा बरोबर आलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे.

"आता डगमगतोय तो फक्त चालवणारा," शालनताई कॅरिअरवर बसत म्हणाल्या.

"लोक बघतील गं."

"मग साडी कशाला नेसले?"

शिरगावच्या रस्त्याला लागताना शालनताईंनी मागून हात लांब करून सोबत आणलेली साबणाची जाळी पट्टीवर अडकवली.

"हे काय?"

"जागा तिची आहे. आणि येताना साबण घ्यायचाय."