आचऱ्याच्या जत्रेची टेप

दशावतारात लिहिलेलं काहीच नसतं. राजा काय बोलणार ते राजालाच ठाऊक नसतं, मग पेटीवर बसलेल्या मला कुठून असणार? तरी त्या साली आचऱ्याच्या जत्रेत, युद्धाच्या प्रवेशाला, मी एक सूर भलतीकडेच नेला आणि गंगारामने पखवाजावर तो असा उचलला की नटांनी तलवारी खाली घेतल्या आणि आम्हा दोघांनाच वाजवू दिलं. तसं पुन्हा वाजलं नाही. आता वाजणारही नाही, कारण त्या जत्रेनंतरच्या शिमग्यानंतर गंगारामची उजवी बाजू लुळी पडली.

जत्रेतलं ते सगळं आमच्या वाडीतल्या, मुंबईला नोकरी करणाऱ्या लवूने तिथून आणलेल्या बॅटरीच्या टेपरेकॉर्डरवर धरलं होतं. मी पत्रावर पत्रं धाडली. मे महिन्यात तो मशीन घेऊन आला, तसं त्याला थेट गंगारामच्या घरापुढच्या खळ्यात नेऊन बसवलं. गंगारामला बाजेवर टेकवलं. महिनाभर तो कोणाशी धड बोलला नव्हता. आपण काय वाजवलं ते त्याने एकदा कानांनी ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

टेप सुरू झाली आणि आधी ऐकू आला तो खोकला. मग जत्रेत पुढच्या रांगेचा मान असलेल्या दाजी मानकऱ्याचा आवाज. त्याच्या बैलाचा खूर दुखावला होता, तेच शेजाऱ्याला सांगत होता. पखवाज कुठेतरी लांब, विहिरीत वाजल्यासारखा.

"माईक खंय ठेवललंस रे?" मी लवूवर ओरडलो.

"दाजीन सांगल्यान, मुंबयचो पावणो आसा, त्येका मानकऱ्यांच्या रांगेत खुर्ची दी. मी काय नाय म्हणतलंय?"

माईकला खुर्ची! पुढ्यात विडासुद्धा ठेवला होता म्हणे. माझं डोकंच फिरलं. वीस मिनिटं आम्ही त्या बैलाचा खूर ऐकत बसलो. "बंद कर ता," मी म्हणालो. गंगारामने डावा हात वर करून मलाच गप्प केलं.

टेपमधला दाजी बोलता बोलता थांबला, वाक्याच्या मधेच. खोकणाराही थांबला. पखवाज आला, बारीक पण स्वच्छ. जेमतेम पाच-सहा आवर्तनं झाली आणि रीळ संपलं. खरा खेळ पुढेच होता. माझ्या पेटीचा तर एकही सूर नीट आला नव्हता.

"सगळां फुकट गेलां," मी म्हणालो. संतापाने मला रडायलाच येत होतं.

गंगारामचं तोंड वाकडं झालेलं, त्यामुळे तो हसतोय हे आधी कळलंच नाही.

"आयकलंस मा?" तो अडखळत म्हणाला. "दाजी गप रवलो."

लेकीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असतानाही दाजीचं तोंड बंद नव्हतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी आपला वीस मिनिटं नुसता पखवाज शोधत होतो.

"लवू," गंगाराम म्हणाला, "तो गप रवता थंयसून परत लाव."

लवूने पाच वेळा लावलं. पाचही वेळा दाजी तिथेच थांबला.