शिवदासच्या बोटीतला कारटेप

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सुयोगचं गाड्यांना टेप बसवायचं दुकान होतं. अकरा वर्षांत त्याने रिक्षापासून शववाहिनीपर्यंत सगळ्यांना टेप बसवले होते. बोट मात्र ही पहिलीच. गोराईचा शिवदास त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने नवी फायबरची बोट घेतली आणि टेप सुयोगच्याच हातचा हवा म्हणून हटून बसला. बदल्यात सुयोगच्या अडीच वर्षांच्या लेकीला, रेवाला, खाडीच्या तोंडापर्यंत फिरवून आणायचं ठरलं.

ठरवताना रेवाच्या आईला कोणी विचारलं नव्हतं. मनालीला पाण्याचं एवढं भय, की रेवाच्या आंघोळीची बादलीसुद्धा ती अर्धीच भरायची. तरी रविवारी सकाळी ती गोराईच्या धक्क्यावर हजर होती, रेवाच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरून.

"वहिनी, सोडा की पोरीला जरा," बोटीतून शिवदास म्हणाला. "खाडी काय तिला उचलून नेत नाही."

"लिहून देता?"

"देतो. खाली सहीपण करतो."

खाली केबिनमध्ये सुयोगचा घाम निघत होता. टेप बसला, अँप्लिफायर बसला, हौसेने आणलेले दोन दणदणीत स्पीकर बसले, आणि आवाज मात्र शून्य. त्याने फ्यूज बदलला. टेप काढून पुन्हा बसवला. शेवटी त्याला एक चापट मारून पाहिली.

"काळी वायर कुठे लावलीस?" मनालीने वरून विचारलं.

"बॉडीला. अजून कुठे लावतात?"

"आणि बॉडी कशाची आहे?"

सुयोगचा हात थांबला. शिवदासने बोटीच्या कडेवर टकटक करून पाहिलं. "फायबरची आहे. का, काय बिघडलं?"

"गाडी लोखंडाची असते, म्हणून बॉडीतून करंट बॅटरीकडे परत जातो. इथे कसा जाणार, पोहत?"

शिवदास हसून हसून खाली बसला. "अकरा वर्षांचा मिस्त्री आणि बायकोला विचारून वायर लावतो. सुयोग, दुकानाची पाटी बदल रे."

"बीएस्सी फिजिक्स आहे ती," सुयोग पुटपुटला आणि त्याने काळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. बोट दणाणली. धक्क्यावरची दोन कुत्री उठून चालती झाली.

मनालीचं लक्ष बॅटरीवरच होतं. बोट नवी असली तरी बॅटरी जुन्या बोटीतून काढलेली दिसत होती. "इंजिनसुद्धा हिच्यावरच चालू होतं ना?"

"हो मग."

"तर आता इंजिन बंद ठेवून इथेच तासभर वाजवा. मग सेल्फ मारा. चालू झालं तर मी आणि रेवा बसतो. नाही झालं तर आम्ही धक्क्यावरून टाटा करतो."

"सेल्फ नाही लागला तर हँडल आहे की," शिवदास म्हणाला.

"कुठे आहे?"

"घरी. कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलंय."

तासभर टेप वाजला. आधी कोळीगीतं झाली, मग अचानक बडबडगीतं सुरू झाली. रेवाची नेहमीची, झोपताना लागतात ती.

"ही कोणी भरली?" मनालीने विचारलं.

"मीच," सुयोग वायरी गुंडाळत म्हणाला. "म्हटलं, बोटीत घाबरायला नको तिने."

तासाने शिवदासने किल्ली फिरवली. इंजिनातून नुसतं टक आलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक.

मनालीला इतकं हायसं वाटलं की ती जवळजवळ हसली. मग तिला सुयोग दिसला. तो पकडी, पाने एकेक करून पिशवीत टाकत होता. आपण गप्प बसलो तर विषय इथेच संपतो, हे तिला कळत होतं. परत येताना ती सिग्नलपर्यंत गप्पच बसली.

"टेपला वेगळी बॅटरी टाक," मग ती म्हणाली. "इंजिनच्या बॅटरीला हात लावायचा नाही. ती नवी घ्यायला सांग त्याला."

"हे तू सांगतेयस? सुटली होतीस की गो."

"गाडी चालव. हिरवा झालाय."

पुढच्या रविवारी बोटीत दोन बॅटऱ्या होत्या. मनालीने दोन तास टेप वाजवायला लावला. मग शिवदासने सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"बंद करून पुन्हा लावा."

पुन्हा लागलं. तिसऱ्यांदाही लागलं.

"वहिनी, अजून दहा वेळा करतो," शिवदास म्हणाला. "पण तेवढ्यात ओहोटी लागली तर बोट चिखलात बसेल. मग तर तुम्हाला हवंच ते."

मनालीने रेवाला लाइफ जॅकेट चढवलं, स्वतःही चढवलं, पट्टे दोनदा ओढून पाहिले. "सुयोग, हात दे."

बोट सुटली. धक्का मागे सरकत गेला. रेवा मांडीत उड्या मारत स्पीकरबरोबर गात होती. मनालीने एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्याने सुयोगची कॉलर.

"घाबरलीस?"

"हो."

"फिरवायला सांगू परत?"

तिने मागे पाहिलं, मग रेवाकडे. "नको. पुढे जाऊ दे. पण तो टेप बारीक कर आधी, मला इंजिन ऐकू येत नाहीये."