पंख आणि पोट एकच

“आवं, बघा तरी! पंख कुठं संपतात आनि पोट कुठं सुरू होतं, कळतच न्हाय.”

बकुळाने मोबाइल नवऱ्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक चपटं, रुंद विमान ढगांतून तरंगत होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, सुकन्याने, तो व्हिडिओ ऑकलंडहून पाठवला होता. इंधन निम्मं, प्रवास आरामाचा, असं त्यात कुणीतरी सांगत होतं.

“चित्र हाय ते,” बाळाराम म्हणाला. “आसली लई बघितली.”

सहार विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यात त्याचा जन्म गेला होता. तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर अशी चित्रं सारखी बदलायची. कधी शेपूट नसलेलं विमान, कधी आवाजाच्याही पुढे पळणारं. धावपट्टीवर मात्र तीच नळीसारखी विमानं उतरायची आणि तो त्यांच्या पोटात वाकून शिरायचा.

सुकन्या ऑकलंडला गेल्यापासून एकदाही अंजूरला घरी आली नव्हती. बकुळाचे पाय सुजायचे, आणि वाटेत विमान बदलायचं म्हटलं की ती नकोच म्हणायची. “आई, हे नवीन विमान थेट येईल, तू झोपून ये,” असं सुकन्या एकदा बोलून गेली. तेव्हापासून दर रविवारी बकुळा विचारायची, “झालं का गं तयार?” आणि तिकडून उत्तर यायचं, “होतंय, आई.” विमान येण्याचं साल मात्र पुढेच सरकत होतं.

एके दिवशी ओट्याची पायरी चढताना बकुळा मध्येच बसली. बाळारामने तिला हात दिला.

“बकुळे, त्या इमानाच्या नादी लागू नको. जुन्याच इमानानं जाऊ. मधी बदलू. मी हाय ना.”

“मला काय कळत न्हाय व्हय?” ती हसली. “पन इमानाचं काढलं की पोरगी लई येळ बोलते. न्हायतर गोळी घेतलीस का, जेवलीस का, आनि फोन बंद.”

मग त्याचा हात धरून ती उठली. “चला, जाऊ.”

पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन गेले. बकुळा रोज सकाळी खाडीच्या बांधापर्यंत चालू लागली. पासपोर्ट हातात आले, त्या रविवारी तिने लेकीला सांगितलं, “आमी येतो गं.”

“आई, कुठं ठेवू तुम्हाला?” सुकन्याला रडू फुटलं. “एका खोलीत आम्ही तिघी राहतो. मालक पाहुणे येऊ देत नाही. वृद्धाश्रमातल्या आज्यांना अंघोळी घालते मी, सुटी मागितली तर काम जाईल. तुला कसं सांगू? म्हणून विमान आलं की ये, असं म्हणत राहिले.”

बाळारामने मान खाली घातली.

“अगं, रडतेस काय?” बकुळा म्हणाली. “आमी कुठं लगेच निघालो? आसंच इचारलं. त्या आज्यांचं नीट कर हां. पानी गरम घे.”

संध्याकाळी समोरच्या हौसाने ओट्यावरून हाक दिली. “बकुळाबाय, कवा निघायचं लेकीकडं?”

बकुळाने पदर सारखा केला. “जायाचं गं. ते नवीन इमान व्हायचं हाय अजून.”

“आनि ते कवा व्हनार?”

बकुळाने पुन्हा पदर सारखा केला. बाळाराम आतून आला आणि तिच्या शेजारी टेकला.

“मोठं काम हाय, हौसा,” तो म्हणाला. “टाइम लागतो.”