दुसरी घंटी

अक्षता काही भित्री नव्हती हो. खराडीच्या कंपनीत साहेबाच्या तोंडावर 'हे जमणार नाही' म्हणणारी मुलगी. पण त्या दुपारी बापाच्या फोनवरून आलेल्या एका घंटीने तिचं धाबं दणाणलं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

तिचे बाबा कचरू जन्मभर स्वारगेट डेपोत कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा बसमधला नियम त्यांनी घरातही आणला. पोरीने 'सहलीला जाऊ?' विचारावं आणि त्यांनी तांब्यावर चमचा वाजवावा. दोनदा वाजला तर स्वारी निघाली, एकदा वाजला तर मुकाट्याने अभ्यासाला बसायचं. पुढे तिनेच त्यांना मोबाइल घेऊन दिला, इमोजीतली पिवळी घंटी शोधून दाखवली, आणि टायपिंगचा कंटाळा असलेल्या माणसाला आयतंच कोलीत मिळालं. 'दूध आणू?' दोन घंट्या. 'आत्या राहायला येतेय.' एक घंटी.

आजचा प्रश्न मात्र दुधाचा नव्हता. तिला सौमित्रशी लग्न करायचं होतं. तो सदाशिव पेठेतल्या जोशांचा, ही बौद्ध घरातली. बाबांनी त्याला घरी बोलावून चहा पाजला, 'बघू' म्हणाले, आणि मग महिनाभर नुसतं बघतच राहिले. समोर विचारायची छाती होईना, म्हणून तिने जेवणाच्या सुट्टीत मेसेज टाकला, 'बाबा, लग्नाचं पुढे बोलू का? तुमचं मन नसेल तर थांबते.'

एक घंटी आली. दुसरीची वाट बघून बघून तिचा डबा निवून गेला. फोन लावला, तर उचलला नाही.

अर्धी रजा टाकून ती निघाली. सौमित्रला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. बसचा कंडक्टर प्रत्येक थांब्याला एक घंटी मारी आणि ती पुन्हा फोन उघडून बघे. स्वारगेटला बस बदलून ती कात्रजला घरी पोचली, तेव्हा बाबा नुकतेच झोपेतून उठून मटार सोलत बसले होते.

"एवढ्या लवकर?"

"तुम्ही नाही म्हणालात ना."

"मी? अगं, डबल दिली की."

सुंदराबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, चष्मा लावून नवऱ्याचा फोन हातात घेतला. पहिली घंटी लेकीला गेली होती. तेवढ्यात स्क्रीनच्या वर डेपोतले जुने सोबती हिंमतराव यांचा सुविचार टपकला, बोट नेमकं त्याच्यावर पडलं, आणि दुसरी घंटी डेपोतल्या निवृत्तांच्या ग्रुपवर जाऊन बसली होती. खाली हिंमतरावांनी विचारलं होतं, 'कचरू, गाडी का थांबवली?'

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते अक्षताला त्या दिवशी कळलं. ती रडली आणि रडता रडता हसलीही.

"मग महिनाभर बोलला का नाहीत?"

"तू विचारायची वाट बघत होतो. प्रवासी चढल्याशिवाय घंटी मारतात का?" बाबांनी मटार बाजूला सारले. "आणि खरंच थांबली असतीस?"

"थांबले असते."

बाबांनी सुंदराबाईंच्या हातातला फोन घेऊन पालथा ठेवला, तांब्या पुढे ओढला आणि चमच्याने दोनदा वाजवला. तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा दोनदा वाजवला.