नुसतं नाव पुरे

"मी उल्हास. मी—"

इथे वाक्य तुटलं. बाथरूमच्या आरशासमोर. आरशातल्या उल्हासने सोयीस्करपणे चूळ भरली.

ते जोडण्याआधी जरा मागे जाऊ. उल्हास नागपूरचा, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. गॅरेजमधल्या वरच्या फळीवर गणपतीच्या मखराचं खोकं असे. ते वर्षातून एकदाच उतरायचं आणि उल्हासच उतरवायचा. व्हिस्की ठेवायला त्याहून सुरक्षित जागा अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात नव्हती. यंदा बायकोने, सुनेत्राने, झालर धुवायची म्हणून खोकं आधीच खाली घेतलं. झालर निघाली, आणि मग बाकीचं निघालं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. गणपती गेले आणि पाठोपाठ ती लेकीला, रुहीला घेऊन कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला, बहिणीकडे. दारात म्हणाली, "दारू सोडणाऱ्यांच्या एखाद्या ग्रुपला जा. नुसता बसून येऊ नकोस. चार लोकांसमोर तोंडाने बोल. बोललास की फोन कर."

"आणि तोवर?"

"तोवर नको."

शोधाशोध.

ऑफिसशेजारचा ग्रुप: बाद. तिथे मॅनेजर जॉगिंगला येतो. इंडियन ग्रोसरीच्या मागचा: बाद. तिथे हातात मेथीची जुडी धरून निम्मं महाराष्ट्र मंडळ गप्पा मारत उभं असतं. लायब्ररीतला: बाद, मराठी शाळेचे पालक. मग सापडलं डुवॉल नावाचं गाव. टेकडी उतरून, शेतं ओलांडून, चर्चचं तळघर. मराठी माणूस तिकडे जातो फक्त हॅलोविनचे भोपळे आणायला, आणि भोपळ्यांना अजून अवकाश होता.

त्याने फोन लावला. "माझ्या एका मित्राला यायचंय."

"येऊ दे की," पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज. "कॉफी घेतो की चहा?"

"चहा."

"साखर?"

"नाही, मला नको."

जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"बरं," बाई हसली. "मित्राला सांग, पार्किंग मागच्या बाजूला आहे."

गाडीत, मोठ्याने, इंग्रजीत: "माय नेम इज उल्हास, अँड आय—" अर्ध्या मैलावर उजवीकडे वळा, म्हणाला फोन. पुन्हा तुटलं. शेजारच्या सीटवर चिवड्याचा डबा. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? छातीत ढोल वाजत होता, झांजांसकट. भीती म्हणावी तर पाय ॲक्सिलरेटरवर होता, ब्रेकवर नाही. किती दिवसांनी आपण कुठेतरी चाललोय, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचंच त्याला हसू आलं.

तळघर. गोल मांडलेल्या खुर्च्या. फोनवरची बाई, डोना, आयुष्यभर स्कूल बस चालवून निवृत्त झालेली. तिने बिनसाखरेचा चहा पुढे केला आणि मित्राबद्दल काही विचारलं नाही.

एकेक जण बोलत गेला. बसल्या जागेवरून, थोडक्यात. उल्हासची पाळी आली आणि तो उठून उभा राहिला. दुसरं कुणीही उभं राहिलं नव्हतं.

"नमस्ते. मी उल्हास हेमचंद्र बोरकुटे. मूळचा नागपूरचा, धरमपेठेतला. इंजिनिअरिंग पुण्याला. सध्या रेडमंडला, प्रिन्सिपल इंजिनिअर. पत्नी सुनेत्रा, डेटा सायन्समध्ये. मुलगी रुही, तिसरीत, भरतनाट्यमही शिकते—"

मंडळात हे असंच चालतं. एवढं झालं की कुणीतरी विचारतं, धरमपेठेत कुठे हो? आणि मग गाडी सुरळीत लागते. इथे कुणी विचारेना. मंडळापासून लपायला माणूस इतक्या दूर आला आणि कुळाचा पत्ता घेऊनच उभा राहिला!

"गड्या," टोपीवाला एक जण म्हणाला, "घराची किल्ली कुठे ठेवतोस ते राहिलं."

खोली खो खो हसली. उल्हासही.

"इथे नुसतं नाव पुरे," डोना म्हणाली. "बाकीचं गाडीत राहू दे."

गाव गेलं. डिग्री गेली. हुद्दा गेला. भरतनाट्यम गेलं. पुढे करायला हातात काहीच उरलं नाही.

"मी उल्हास. मी अल्कोहोलिक आहे."

"हाय, उलाज!" आरती संपल्यावर मोरया यावा तसा आवाज आला, सगळ्यांचा एकदम.

वाक्य पुरं झालं होतं. त्याला ते पुन्हा म्हणावंसं वाटलं, नाव नीट सांगण्यासाठी का होईना. तेवढ्यात चिवड्याचा डबा गोलात फिरला, टोपीवाल्याला मिरची लागली, आणि चहा सगळ्यांनाच लागला.

तो पार्किंगमध्ये धावतच गेला आणि फोन लावला.

"हं," सुनेत्रा म्हणाली.

"बोललो! उभा राहून बोललो, तसं उभं राहायचं नसतं, पण—"

"काय बोललास?"

"तेच गं. आय ॲम ॲन—"

"इंग्लिशमध्ये सगळं बरं वाटतं, उल्हास. मला मराठीत सांग."

ढोल थांबला.

"मी दारुडा आहे, सुनेत्रा."

पलीकडे लांबून रुही: "इज दॅट बाबा?"

"खोक्यात काय आहे आता?" सुनेत्राने विचारलं.

"मखर."

"आणि?"

"झालर. धुऊन ठेवलीय. इस्त्री नाही जमली."

"राहू दे. आल्यावर मी करीन."

"कधी?" तो इतक्या मोठ्याने ओरडला की तळघराच्या खिडकीतून टोपीवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"ओरडू नकोस. पुढच्या मीटिंगला जाऊन ये, मग तिकीट बघते."

उल्हासने खिडकीकडे पाहिलं. "पुढची कधी असते?"

"उद्या," टोपीवाला म्हणाला. "चिवडा कमी तिखट आण."