सोपवणीचं कडवं

क्लेओफासने त्याला पाहिलं तेव्हा तिच्या हातात पोसोलेचं मोठं पातेलं होतं. ते तिने सांडू दिलं नाही. डुकराचं मटण आणि मका फुकट घालवण्याइतकी उधळी ती कधीच नव्हती. पातेलं टेबलावर ठेवलं, कडा फडक्याने पुसून घेतल्या आणि मगच तिने पुन्हा हॉलच्या दाराकडे पाहिलं. तो तिथेच होता. राखाडी हॅट, सुटलेलं पोट, डावा पाय किंचित आखडलेला. पण उभं राहण्याची ढब तीच, जणू आपल्याला कोणी बोलावलेलं नाही याची त्याला मौजच वाटतेय.

बेलार्मिनो. तिचा मेलेला नवरा.

लुसिलाचे दुधाचे दात पडायचे होते तेव्हा तो मेंढ्या भादरायला वायोमिंगला गेला. पहिल्या हिवाळ्यात क्लेओफासने वाट पाहिली, दुसऱ्या हिवाळ्यात शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या हिवाळ्यात पोरीने "बाबा कधी येणार?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घोड्यावरून पडले बाळा. तिकडेच पुरलं त्यांना." वर्षभर काळे कपडेही घातले. गावाने फारशी चौकशी केली नाही. तो मुळात या दरीतला नव्हताच, शिवाय वायोमिंगला गेलेला माणूस एक तर परत येतो नाहीतर मरतो. तिसरं काही करत असेल तर त्याबद्दल कोणी बोलत नाही. खरं काय ते फक्त पेर्फेक्ताला माहीत होतं. लुसिलाची धर्ममाता. तिने त्याला वायोमिंगमधल्या रॉलिन्सच्या रस्त्यावर एका बाईबरोबर किराणा घेऊन जाताना बसच्या खिडकीतून पाहिलं होतं.

आणि आज लुसिलाचं लग्न होतं.

"पेर्फेक्ता, दाराकडे बघ. बघ, पण बघितल्यासारखं करू नकोस."

पेर्फेक्ताने बघितलं आणि तोंडातलं बिस्किट तिच्या घशातच अडकलं. पाठीत दोन धपके घालावे लागले. "अगं बाई! हा तर इथेच आलाय!"

"ते मलाही दिसतंय."

"मग आता ओनेसिमो काय गाणार?"

नवरा परत आला यापेक्षाही क्लेओफास हादरली ती या प्रश्नाने. सोपवणी गाणारा म्हातारा गिटारवाला ओनेसिमो आज सकाळीच घरी येऊन गाण्यासाठी नावं घेऊन गेला होता. नवरा-नवरीला एकमेकांच्या आणि दोन्ही घरांच्या हाती सोपवायचं ते गाणं, ते झाल्याशिवाय या दरीत लग्न पुरं होत नाही, पाद्रीबाबांनी कितीही मंत्र म्हटले तरी. दोन्हीकडचे आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, प्रत्येकाला नाव घेऊन कडवं. जो हयात नाही त्यालाही कडवं, ते तर आधी. "वडील?" ओनेसिमोने विचारलं होतं. "वारले," ती म्हणाली होती. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. मेलेल्यांच्या कडव्यात आपला हात धरणारा पार कोलोरॅडोपर्यंत कोणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

ती टेबलांमधून वाट काढत गिटारवाल्याकडे निघाली, तोच विहीणबाईंनी तिचा दंड धरला. डोरिस ट्रुहियो, डेनवरची. यांच्या घरी स्पॅनिश भाषा आजोबांबरोबरच पुरली गेली होती. नावं आणि तिखट तेवढं उरलं होतं. "तुम्ही माझ्याजवळच बसायचं हं," डोरिस इंग्रजीत म्हणाली. "मला एक अक्षर कळणार नाही. तुम्हीच सांगा सगळं."

"आलेच," म्हणत क्लेओफासने दंड सोडवून घेतला.

ओनेसिमो कोपऱ्यात तारा जुळवत होता. एका कानाने तो बहिरा होता, म्हणून ती दुसऱ्या कानाशी गेली. "काका, बापाचं कडवं गाळा."

"काय गाळू?"

"लुसिलाच्या बापाचं. नको ते. पोरगी रडेल."

"रडायलाच पाहिजे! नाहीतर मी कशाला करतो एवढं?" म्हातारा दुखावला. "आणि हे बघ पोरी, जिवंत माणूस रुसला तर त्याची समजूत काढता येते. मेलेल्याची कशी काढायची? आजवर एका मेलेल्याला मी वगळलेलं नाही. तुझ्याच नवऱ्याने काय पाप केलंय?"

काय केलंय ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण शेजारी फिडलवाला बसला होता, आणि फिडलवाल्याला सांगणं म्हणजे दरीभर दवंडी पिटणं. ती तशीच मागे फिरली आणि थेट दाराशी गेली.

"कशाला आलास?"

"रॉलिन्समध्ये आपल्याकडची पोरं भेटतात. कळलं." त्याचा आवाज मात्र म्हातारा झाला होता. "मी काही मागायला आलो नाही, क्लेओफास. नुसती बघायला आलो."

"बघून झालं? मग नीघ."

"सोपवणीचं गाणं ऐकतो आणि जातो. तिकडे कोणी गात नाही ते." तो हॉलच्या मध्यभागी बघत होता. लुसिला नवऱ्याचा टाय सरळ करत होती. "तुझ्या आईवर गेलीय."

"तू आत्ताच्या आत्ता जायचं. गाणं ऐकायचं नाहीस."

"का?"

तू त्यात मेलेला आहेस, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? ती काही बोलणार तेवढ्यात गिटार वाजली, खुर्च्या सरकल्या, आणि पेर्फेक्ताने तिला ओढत नेऊन डोरिसशेजारी उभं केलं. जमिनीवर पांढरं कापड अंथरलं होतं. लुसिला आणि तिचा नवरा रॉनी त्यावर गुडघे टेकून बसले.

ओनेसिमोने डोळे मिटले. एकदा मिटले की शेवटच्या कडव्यापर्यंत तो ते उघडत नसे, त्यामुळे खुणा करूनही उपयोग नव्हता. त्याने देवाला, आदम-हव्वेला आणि पाद्रीबाबांना हाक मारून घेतली.

"काय म्हणाला?" डोरिसने विचारलं.

"आदमला एकटं करमेना, म्हणाला."

क्लेओफासचं लक्ष दाराकडे होतं. तो गेला नव्हता. उलट दोन पावलं आत आला होता. एवढी वर्षं तिने त्याला मनातल्या मनात शंभरदा मारलं होतं आणि कधी वाईट वाटलं नव्हतं. आज मात्र काहीतरी करून ते कडवं थांबवावंसं वाटलं. खाली बसावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, हॉलचे दिवे गेले तर बरं असंही वाटलं. दिवे कसले जातात!

*बाप तुझा, गं लुसिला, दूर मातीत निजला,*
*देवाघरून आज त्याने हात तुझ्या डोई ठेवला.*

बायकांनी रुमालांची शोधाशोध केली. पुरुष मंडळींनी, मेलेल्याचं नाव आलं की करतात तसं, डोक्यावरून हॅटी काढल्या. लुसिलाचे खांदे हलू लागले.

दाराशी बेलार्मिनोनेही हॅट काढली आणि छातीशी धरून मान खाली घातली.

"आता काय म्हणाला?" डोरिस कुजबुजली.

"वारले, म्हणाला," क्लेओफास म्हणाली. "तिचे वडील वारले, म्हणाला."

"आई गं! बिचारी," डोरिस म्हणाली आणि तिने खरोखरच डोळे पुसले.

पुढची कडवी क्लेओफासला ऐकूच आली नाहीत. तिचं नाव आलं तेव्हा पेर्फेक्ताने कोपराने ढोसलं. तिने पुढे होऊन मुलीच्या कपाळावर क्रूस काढला. मग धर्ममाता आणि धर्मपित्याने काढला, मग गाणं चालू असतानाच पाहुण्यांची रांग लागली. आत्या, मामा, शेजारी. प्रत्येक जण कपाळाला बोट लावून पुढे सरकत होता. आणि त्या रांगेत, सगळ्यांसारखाच, हॅट हातात घेऊन, तो होता.

सुटले, असं तिला वाटलं. याने मरण कबूल केलंय. पाहुण्यासारखा येईल, पाहुण्यासारखा जाईल.

त्याने वाकून क्रूस काढला. पण पाहुणे काढतात तसा झटपट नाही. त्याचा अंगठा लुसिलाच्या कपाळावर रेंगाळला. तिने वर पाहिलं.

"तुम्हाला ओळखलं नाही, काका."

"तुझ्या वडिलांच्या ओळखीचा," तो म्हणाला. "वायोमिंगचा."

लुसिलाने त्याचा हात घट्ट धरला. "म्हणजे ते गेले तेव्हा तुम्ही होतात तिथे? मला कोणी कधी भेटलंच नाही हो विचारायला. काही बोलले का ते शेवटी? माझं नाव घेतलं?"

त्याने क्लेओफासकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली असती तरी तो "हो, घेतलं" म्हणाला असता आणि निघून गेला असता. मुलगी आयुष्यभर ते एक वाक्य उराशी धरून बसली असती. सगळं आईच्या मनासारखं झालं असतं. पण लुसिला ज्या आशेने त्याच्या तोंडाकडे बघत होती ते पाहून क्लेओफासला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"त्यालाच विचार," ती म्हणाली. "तोच तुझा बाप आहे."

ओनेसिमोने डोळे उघडले. फिडल थांबली.

लुसिलाने त्याचा हात सोडला. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. "दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तू मला त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायला लावायचीस," ती आईला म्हणाली. "मी रडायचे. तू माझे डोळे पुसायचीस."

"हो."

"कसे पुसलेस गं?"

"त्याने आपल्याला टाकलं हे तुला सांगण्यापेक्षा त्याला मारणं सोपं होतं," क्लेओफास म्हणाली. यापेक्षा बरं कारण तिच्याजवळ नव्हतं.

मग लुसिला बेलार्मिनोकडे वळली. "आणि तुम्ही? ते कडवं ऐकून तुम्ही हॅट काढलीत. मी बघितलं."

रॉनीने उठवायला हात पुढे केला. तो न घेता ती स्वतःची स्वतः उठली, झगा झटकला, आणि मग रॉनीचा हात धरून दाराबाहेर अंगणात निघून गेली. मधे नुसतं पांढरं कापड राहिलं. त्याच्या एका बाजूला आई उभी होती, दुसऱ्या बाजूला बाप. मागे अर्धी रांग शिल्लक होती; आशीर्वाद द्यायला आलेल्या त्या माणसांना पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना.