विजयकुमारांचं नॅनो

विजयकुमार चेन्नईतल्या अंबत्तूरच्या एका कारखान्याचे तांत्रिक संचालक होते. तिथे काँक्रीटमध्ये घालायची रसायनं बनत. तंत्राशी त्यांचा संबंध केबिनच्या पाटीपुरताच. पुण्याहून येताना त्यांनी 'नॅनो' हा एक शब्द सोबत आणला होता आणि त्यावरच त्यांचं चाललं होतं.

प्रयोगशाळा सांभाळणारी संयुक्ता त्यांना पुरती ओळखून होती. ती तंजावरकडच्या मराठी घरातली, काँक्रीटवरच एम.टेक. केलेली. तिचं जुन्या वळणाचं मराठी ऐकून विजयकुमार हसत आणि चारचौघांत तिची वाक्यं दुरुस्त करत. सिमेंटबाबत मात्र त्यांनी तिची चूक कधी काढली नाही. तेवढंही त्यांना कळत नव्हतं.

समुद्राकाठच्या इमारतींसाठी नॅनो सिलिकाचं काँक्रीट करायचं ठरलं. खारी हवा काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरते आणि सळया गंजवते. ही अतिबारीक पूड ती छिद्रं बुजवते. पण पुडीच्या गुठळ्या फार लवकर होतात, म्हणून ती थोडीच घ्यावी आणि आधी पाण्यात नीट घुसळावी, असं संयुक्ताने सांगितलं. विजयकुमारांनी तिला समजावलं की मजबुती वाढवणारी वस्तू जास्त घातली की मजबुतीही जास्त वाढणार. मग त्यांच्या हुकमाने पोतंच मिक्सरमध्ये रिकामं झालं.

मिश्रण कोरडं, भगराळ झालं. चाचणीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, निघाले ते भोकाभोकांचे, आणि दाबयंत्रात साध्या काँक्रीटच्याही आधी फुटले. विजयकुमारांनी यंत्राला दोष दिला, मग चेन्नईच्या पाण्याला. शेवटी संयुक्ताला आकडे वाचता येत नाहीत असं मालकांना सांगून आले. यंत्र तपासलं, ते उत्तम होतं.

संयुक्ताने वाद घातला नाही. अशा माणसाशी वाद घालणं तिला कमीपणाचं वाटे. तिने आपल्या पद्धतीने नवे क्यूब केले. ते साध्या काँक्रीटपेक्षा बरेच मजबूत निघाले, मिठाचं पाणीही त्यांत फारसं मुरलं नाही. दुसऱ्याच दिवशी विजयकुमार ऑफिसभर 'माझं मिश्रण' म्हणत हिंडू लागले.

एग्मोर भागातल्या एका हॉटेलात बिल्डरांची सभा भरली. विजयकुमारांनी संयुक्ताचे निकाल स्वतःच्या नावावर दाखवले. चंद्रमौळी नावाचे रेल्वेचे निवृत्त पूल-अभियंते उठले आणि गुठळ्या कशा टाळल्या, एवढंच त्यांनी विचारलं.

"नॅनो तंत्रज्ञानाने," विजयकुमार म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय केलंत?"

विजयकुमारांनी पहिल्या रांगेत बसलेल्या संयुक्ताकडे पाहिलं. "संयुक्ता, सांग ना त्यांना."

ती बसल्या जागी शांतपणे म्हणाली, "सर, मिश्रण तुमचं आहे. तुम्हीच सांगा."

विजयकुमार घोटभर पाणी प्यायले आणि हे व्यावसायिक गुपित असल्याचं त्यांनी सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. चंद्रमौळी खाली बसले. चहाच्या वेळी ते थेट संयुक्ताकडे आले, आणि तिने त्यांना सगळी रीत तमिळमध्ये समजावून सांगितली.

गाडीत विजयकुमार म्हणाले, "सगळ्यांसमोर माझा अपमान केलास तू."

"नाही सर," संयुक्ता म्हणाली. "मी फक्त तुम्हाला बोलू दिलं. बोललात तुम्ही."

पुढच्या आठवड्यात चंद्रमौळी दोन बिल्डरांना घेऊन प्रयोगशाळेत आले आणि तिच्याशीच बोलले. यापुढे चाचण्यांबद्दल संयुक्ताच बोलेल, असं मालकांनी ठरवलं. विजयकुमारांचं पद गेलं नाही. असल्या माणसांची पदं जात नसतात. हल्ली ते सभेत तिची ओळख करून देतात, आपण तिला कसं घडवलं ते लांबण लावून सांगतात. संयुक्ता त्यांचं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहते.